आबांचा अंगठा

चार वर्षं मी खोटं बोलत होते, आणि तेही दुसऱ्याच्या अंगठ्यानं. ते कुणाच्या जिवावर बेतेल हे मात्र मला सोमवारी सकाळी रत्नागिरीच्या हॉस्पिटलात कळलं, डॉक्टर परकार टेबलावरचा पडदा आमच्याकडे वळवत होत्या तेव्हा.

माझे सासरे, गंगाराम गुरव, वय ब्याऐंशी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते चाकांच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर टोपी. शेजारी माझा नवरा संदेश, सतत घड्याळ बघत. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर माझी नणंद सुचिताताई, बोईसरच्या तिच्या स्वयंपाकघरातून बोलत होती आणि मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आजोबांच्या हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथं एक झडप असते," डॉक्टर म्हणाल्या. तरुण बाई, बोलणं सरळ. "ती रुपयाएवढी उघडायला हवी. आजोबांची आता वाटाण्याएवढी उघडते. म्हणून चार पावलं चाललं की दम लागतो, म्हणून परवा न्हाणीत भोवळ आली. नवी झडप त्यांच्याच पेशींचा थर देऊन एका रात्रीत तयार करतात आणि मांडीच्या शिरेतून नेऊन बसवतात. छाती उघडावी लागत नाही. मुंबईची टीम या शुक्रवारी येतेय. त्यानंतर चार महिन्यांनी."

"चार महिने थांबलं तर?" संदेशनं विचारलं.

"मी थांबेन. झडप थांबेल का, सांगता येत नाही. दुसरी बाजूही ऐका. या वयात शंभरात सहा-सात जणांना टेबलावर किंवा नंतर झटका येतो. शिवाय पुढचे तीन महिने कुणीतरी रात्रंदिवस जवळ लागतं. औषधं, चालवणं, आठवड्याला इथं आणणं. हे नको असेल तर गोळ्यांवर घरी शांतपणे राहायचं, हाही रस्ता आहे, आणि त्यात काही चूक नाही."

'कुणीतरी' हा शब्द आला आणि संदेशनं माझ्याकडे बघितलं. भिंतीवरून सुचिताताईनं बघितलं. डॉक्टरांनी सुद्धा बघितलं. कुणी ठरवून नव्हतं बघितलं, पण गुरं जशी आपोआप गोठ्याकडे वळतात तशा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"आजोबा, तुमचं काय म्हणणं?"

आबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही सगळे ठरवाल तसं."

डॉक्टर हसल्या. हे उत्तर त्या दिवसातून दहा वेळा ऐकत असणार. "मग आपण इच्छादर्शक बघू."

इच्छादर्शक म्हणजे काय हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सत्तरी ओलांडलेलं माणूस घरी बसलं की आरोग्य केंद्रातून एक पाटी येते, पोळपाटाएवढी. ती खाटेशी लावायची. रोज दिवेलागणीला ती मोठ्यानं पाच प्रश्न विचारते. काचेवर उजवीकडे अंगठा टेकला की हो, डावीकडे टेकला की नाही. प्रश्न साधे असतात. आज अंगणात जावंसं वाटलं का. दुखलं तरी उद्या उठायची इच्छा आहे का. कुणी आंघोळ घातली तर लाज वाटते का. त्यामागचं शास्त्र असं की ऐन संकटात माणसाला काय हवं ते त्याला सांगता येत नाही. भीती असते, भीड असते, पोरं समोर उभी असतात. म्हणून संकट नसताना, हजार संध्याकाळी, थोडं थोडं विचारून ठेवायचं. मग ते यंत्र ती उत्तरं लाखभर म्हाताऱ्यांच्या उत्तरांशी ताडून बघतं आणि या माणसाचा कल कुठं आहे ते सांगतं. काच अंगठ्याखाली नाडीही मोजते, आणि अंगठा टेकायला किती वेळ लागला तेही. शोध लावणाऱ्यांचं म्हणणं, उत्तरापेक्षा माणसाचं अडखळणं जास्त खरं बोलतं.

कायद्यानं हा नुसता सल्ला. पण पोरांना भांडणातून सुटका हवी असते आणि डॉक्टरांना आधार, त्यामुळे त्याचा शब्द कुणी मोडत नाही.

"शस्त्रक्रिया नको," डॉक्टरांनी वाचलं. "त्र्याण्णव टक्के. इतका स्पष्ट कल मी क्वचितच बघितलाय. चार वर्षांत कुठं अडखळणं नाही, अंगठा सरळ जातोय. आणि हे बघा, 'आज जगणं ओझं वाटलं का' हा प्रश्न आला की आजोबांची नाडी दर वेळी उसळते. फार आतून आलेलं उत्तर आहे."

सुचिताताईनं पदर तोंडाला लावला. "आबांचीच इच्छा असेल तर आपण कोण," ती म्हणाली. संदेशनं मोठा श्वास सोडला. तो सुटकेचा होता हे माझ्या लक्षात आलं, कारण माझ्याही छातीतून तसाच एक सुटू बघत होता.

"निर्णय काहीही असो, गुरुवारी बारापर्यंत त्यावर तिघांचे अंगठे लागतील," डॉक्टर म्हणाल्या. "आजोबांचा, माझा, आणि काळजीवाहक म्हणून रसिकाताईंचा."

आबा टोपीकडे बघत बसले होते.

परतताना गाडीत मला चार वर्षांपूर्वी ती पाटी आली तो दिवस आठवत होता. आबा तिला बघून म्हणाले होते, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? माणूस समोर बसलाय, त्याला विचारा ना." महिनाभर त्यांनी कुरकुर करत उत्तरं दिली. मग एका संध्याकाळी, डोळे मिटून पडल्या पडल्या, हात पुढे केला. "तूच लाव गो. मला परीक्षा जमत नाय."

मी लावला. त्यांचा अंगठा माझ्या चिमटीत धरून काचेवर. सुरुवातीला प्रामाणिकपणे, आबा काय म्हणतील याचा विचार करून. पण दिवेलागणीची वेळ म्हणजे माझ्या अंगातलं पाणी संपलेलं असायचं. काजूच्या कलमांची माझी छोटी रोपवाटिका आहे, तिथून यायचं, स्वयंपाक, आबांचं सगळं. त्याआधी नऊ वर्षं सासूबाईंचं अंथरूण केलं होतं. त्या गेल्या आणि वर्षभरात आबाही घरी बसले. पाटी विचारायची, आज जगणं ओझं वाटलं का, आणि मी आबांचा अंगठा उजवीकडे ठेवून द्यायचे. मला ते कुणाला तरी सांगायचं असायचं. दुसरं कोण विचारत होतं मला?

सोमवारी दुपारी मी संदेशला गाठलं. तो मागच्या दारी पंपाशी खटपट करत होता.

"ऐक ना. पाटीवरची उत्तरं आबांची नाहीत."

"म्हणजे?"

"मी द्यायची. त्यांचा अंगठा धरून."

त्यानं पाना खाली ठेवला. "पण आबांना विचारूनच ना?"

"नाही."

"अगं, पण तू चोवीस तास त्यांच्याजवळ असतेस. त्यांच्या मनातलं तुझ्याइतकं कुणाला कळणार?" तो घाईनं म्हणाला. "आणि आता हे परकारबाईंना सांगून काय मिळणार? नसतं लफडं होईल. त्यांना काय कापाकापी हवीय का या वयात?"

"तेच तर माहीत नाही."

"रसिका, सोन्यासारखी झोप लागेल त्यांना घरच्या घरी. तुलाही सुटका." असं म्हणून त्यानं पंप सुरू केला आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. नवऱ्याचा राग यावा तर तोही नीट येईना. माझंच म्हणणं तो मला परत देत होता.

मंगळवार असाच गेला. कलमांना पाणी द्यायचं विसरले, भात लागला, तो करपलेला भात कोंबड्यांना घालून पुन्हा लावला. दोनदा आबांच्या खाटेशी गेले आणि चादर सारखी करून परत आले. सुचिताताईचा फोन आला. आबांसाठी चिकू पाठवू का, विचारत होती. बरं म्हटलं.

बुधवारी दुपारी मी ताक घुसळत होते आणि हातातली रवी थांबली.

नाडी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, तो प्रश्न आला की दर वेळी नाडी उसळते. मी अंगठा धरायचे तेव्हा आबा झोपलेले असायचे. घोरत नसले तरी डोळे मिटून, तोंड किंचित उघडं. झोपलेल्या माणसाची नाडी प्रश्न ऐकून उसळत नाही.

मी तशीच बाहेर पडवीत आले. आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांना आडवं झालं की दम लागतो.

"आबा, तुम्ही जागे असायचात."

त्यांनी खाटेची कड मोकळी केली. "बस," म्हणाले.

"किती दिवस?"

"सगळेच." ते थांबत थांबत बोलत होते, चार शब्द आणि एक श्वास. "माझा अंगठा खंय जातो, ते मला कळत नाय होय? पहिल्या दिवशी गंमत वाटली. मग तो ओझ्याचा सवाल आला, आणि अंगठा उजवीकडं गेला. म्हटलं, हे माझं उत्तर नाय. हे पोरीचं आहे."

माझ्या डोळ्यांपुढे ते सगळे दिवस उभे राहिले. चौदाशे संध्याकाळी मी या माणसाला सांगत होते की तू मला नकोसा झालायस, आणि तो डोळे मिटून ऐकत होता. मला रडू आलं आणि मी रडले, सरळ पदर न लावता.

"मग बोलला का नाहीत? हात का नाही ओढून घेतलात?"

"कुठल्या तोंडानं ओढू?"

मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांनी चाळीस वर्षं आमच्या ग्रामदेवीच्या देवळात कौल लावला. गावात लग्न, घर, विहीर काहीही ठरायचं असलं की लोक देवीला विचारायला येतात. गुरव दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या अंगाला लावतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालायचं आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"तुझी पाटी आली तेव्हाच हसलो मी मनात. उजवा हो, डावा नाय. म्हटलं, कौलच की हा." त्यांनी श्वास घेतला. "पाकळी जास्त ओली केली की उशिरा सुटते गो. सगळ्या गुरवांना ठाऊक असतं. कुणी करत नाय. मी पण नाय केलं कधी. एकदाच केलं."

"कधी?"

"तुझ्या लग्नाचा कौल मी लावला होता. स्थळं दोन होती. एक मुंबईची पोर, संदेशच्या ऑफिसातली. तो तिच्यासोबत तिकडंच राहणार होता. आणि एक तू. तुझ्या सासूला तेव्हाच मुंग्या यायला लागल्या होत्या पायाला. मला कळत होतं पुढं काय आहे. घरात हात हवा होता. तुझ्या नावाची डावी पाकळी मी चिंब भिजवली. उजवी आधी पडली."

मी उठले. ताक तसंच ठेवून मागच्या दारानं बाहेर पडले ती थेट रोपवाटिकेत जाऊन थांबले. सव्वीस वर्षं मी देवीची मर्जी म्हणून गप्प राहिले होते. संदेशचं मन कधी पुरतं माझ्यात नव्हतं, तेव्हाही म्हटलं, देवीनं दिलंय. आणि देवीला या म्हाताऱ्यानं हात धरून बोलायला लावलं होतं. काही करायचं नव्हतं मला. नुसतं गप्प बसायचं, उद्या बाराच्या आत अंगठा लावायचा, आणि फिटंफाट. त्र्याण्णव टक्के. कुणाला काही कळलं नसतं.

कलमांच्या पिशव्या वाळल्या होत्या. मी झारी घेतली आणि एकेकीला पाणी घालू लागले. तीनशे पिशव्या. शेवटच्या ओळीपर्यंत राग होताच, पण मला एक गोष्ट दिसायला लागली होती. आबा हे मला आज का सांगत होते? मी गप्प बसले तर ते मरणार, हे त्यांना कळत होतं. मला रागाला एक चांगलं कारण देऊन त्यांनी मला मोकळं केलं होतं.

परत आले तर ते तसेच बसले होते.

"आता मला खरं सांगा," मी म्हटलं. आवाज चढलेलाच होता. "ठरवाल तसं नको. झडप हवीय की नकोय?"

आबांनी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की मला वाटलं देणारच नाहीत.

"लाज वाटते सांगायला. ब्याऐंशी झाली. बायको गेली. जावं माणसानं." त्यांनी चादरीची चुणी सरळ केली. "पण मला सकाळची पेज आवडते गो अजून. मीठ घालून, वर आंब्याच्या लोणच्याचा खार. उठलो की पहिली तिचीच आठवण येते. मला जगायचंय. भीती वाटते त्या टेबलाची, तरी जगायचंय."

मी त्यांच्या पायाशी बसले.

"आणि तुला गो? तुला काय हवंय?"

पाटीनं हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. "झोप," मी म्हटलं. "दुपारी दार लावून. तीन महिने कुणाचा खोकला ऐकायचा नाही मला. तुमचा तर नाहीच."

आबा हसले. हसता हसता दम लागला आणि मी त्यांची पाठ चोळली.

गुरुवारी डॉक्टर परकारांसमोर मी सगळं सांगितलं. पाटीचं. कौलाचं नाही, ते आमचं होतं. सुचिताताई भिंतीवर "वहिनी, काय केलंस हे" म्हणून थांबली. संदेश खाली बघत होता, कारण त्याला सोमवारपासून माहीत होतं.

डॉक्टर चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या. "हे यंत्र निकालात काढावं लागेल. आणि नियम असा आहे, खोटी उत्तरं देणाऱ्याचं नाव वर्षभर काळजीवाहक म्हणून चालत नाही." मग त्या आबांकडे वळल्या, खुर्ची जवळ ओढून. "आजोबा, आता तुम्हीच सांगा. माझ्यासाठी नको, पोरांसाठी नको."

"करायची," आबा म्हणाले. टोपी आज डोक्यावर होती.

"झटका येऊ शकतो."

"ऐकलंय. करायची."

"ठीक. पण काळजीवाहकाचं नाव लागल्याशिवाय टीम पेशंटला हात लावत नाही. पावणेबारा झालेत. कोण?"

नजरा माझ्याकडे वळल्या आणि या वेळी तिथं चालणारं नाव नव्हतं, म्हणून परतल्या.

सुचिताताई म्हणाली, "मी दर शनिवार-रविवार येईन. रोज नाही जमणार गं, नोकरी आहे." तिचं खरं होतं. राहिला संदेश. त्यानं कपाळ पुसलं. "मला यातलं काय येतं? त्यांना उठवायचं कसं, औषधं कुठली... रसिकालाच सगळं..."

माझ्या जिभेवर आलं होतं. 'राहू दे, करते मी. अर्ज करू, विनंती करू.' सव्वीस वर्षांची सवय, पंगतीत कुणाचं पान रिकामं दिसलं की उठायची. मी खालच्या ओठावर दात रोवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. आबांचा जीव त्या काट्यावर टांगलेला होता, आणि माझ्या एका शब्दानं तो सुटला असता. आबांनीही मुलाकडे बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि मान किंचित हलवत होते, नको म्हणून.

डॉक्टरांनी काच संदेशपुढे ठेवली.

त्याचा अंगठा काचेवर गेला, थांबला, मागे आला. पुन्हा गेला. मग टेकला.

"अकरा सेकंद," डॉक्टरांनी सवयीनं वाचलं.

"बरं झालं," आबा म्हणाले. "अडखळला म्हणजे खरं बोलला."

शुक्रवारी मला हॉस्पिटलात थांबायची परवानगी नव्हती. घरी आले. दार लावलं. आडवी झाले. झोप येईल तर शपथ. पडवीतून खोकला येत नव्हता तर कान तिकडेच. उठून खाट झाडली, पुन्हा आडवी झाले. तिसऱ्या प्रहरी संदेशचा निरोप आला, झडप बसली, आबा शुद्धीवर आहेत. मग मी रडले आणि मग चहा केला. पुढचे चार दिवसही झोपेचं तेच. माझं अंग झोपायचंच विसरलं होतं.

बुधवारी दुपारी जरा डोळा लागत होता आणि फोन वाजला. संदेश. मागं कुठंतरी भांडं आदळल्याचा आवाज.

"अगं, त्यांना आजपासून पेज द्यायला सांगितलीय. इथल्या खोलीत शेगडी आहे. तांदूळ किती घेऊ? पातळ ठेवू की दाट? मीठ आधी घालतेस की नंतर? तू सांग ना, तुला माहीत आहे त्यांना कशी लागते."

मला माहीत होतं. मूठभर तांदूळ, तीन तांबे पाणी, मीठ उतरवताना. सगळं तोंडापर्यंत आलं.

"ते कुठं आहेत?" मी विचारलं.

"हे काय, समोर बसलेत. उशीला टेकून."

"मग त्यांना विचार," म्हटलं, आणि फोन उशीखाली सारून कूस बदलली.